शून्याच्या आधी

(दवाखान्याची खोली. भरदुपारी पडदे ओढलेले.)

आरसेकाका : तो कागद आधी खाली ठेव, डॉक्टरीणबाई. बस जरा.

डॉक्टरीणबाई : चिडवू नका ना, काका. पीएचडीची पदवी अजून दोन वर्षं लांब आहे. आणि उद्या प्रयोगशाळेतून हाकललं, तर तीही नाही.

आरसेकाका : एका डोळ्यासाठी हाकलतात होय?

डॉक्टरीणबाई : तुमच्या डोळ्यासाठी हाकलायलाच हवं. लेसरचं शटर कुणी उघडलं, हे अहवालात लिहायचंय. मीच उघडलं.

आरसेकाका : हाक दिली होतीस?

डॉक्टरीणबाई : दिली की! नेहमीसारखी "डोळे!" म्हणून ओरडले. पलीकडून तुमचं "झाकले!" आलं, मगच बटण दाबलं.

आरसेकाका : चष्मा कपाळावर होता गं माझा. आरसा नीट बसवून घाम पुसत होतो. हाक ऐकली, पण तोंड उघडायच्या आत डोळ्यात सुई घुसल्यासारखं झालं.

डॉक्टरीणबाई : म्हणजे तुम्ही "झाकले" म्हणालाच नाहीत?

आरसेकाका : म्हणालो. नंतर.

डॉक्टरीणबाई : नंतर म्हणजे कधी?

आरसेकाका : डोळा गेल्यावर. तळहाताने गच्च दाबून धरला, आणि तोंडातून आपसूक "झाकले" निघून गेलं. वीस वर्षांची सवय. त्या कळांमध्येही मला हसू आलं.

डॉक्टरीणबाई : काका, मी ते एकदाच ऐकलं. बटण दाबायच्या आधी.

आरसेकाका : घाबरल्यावर माणसाच्या डोक्यात मागचं-पुढचं होतं.

डॉक्टरीणबाई : मीही स्वतःला हेच समजावलं. मग काल त्या वेळची यंत्रातली नोंद काढली.

आरसेकाका : साध्या भाषेत सांग. मी आरसे पुसणारा माणूस.

डॉक्टरीणबाई : रेणूवर लेसरचा झोत पडला की एक इलेक्ट्रॉन उडून जातो. त्याची रिकामी जागा या टोकाकडून त्या टोकाकडे धावते, परत येते. इतक्या झटक्यात, की अणू जागचे हललेलेही नसतात. आपल्यातलं कुणी गेलंय, याचा त्यांना पत्ताच नसतो.

आरसेकाका : बिचारे. बरं, मग?

डॉक्टरीणबाई : त्या दिवशीच्या नोंदीत ती जागा आधीच धावतेय. झोत मागून येतो.

आरसेकाका : झोत पडतो तो क्षण म्हणजे वेळेचं शून्य. तेच चुकलं असेल.

डॉक्टरीणबाई : शून्य तुम्ही लावलं होतं.

आरसेकाका : मग चुकलेलं नाही.

डॉक्टरीणबाई : मी तीनदा तपासलं. काका, मला भीती वाटते. त्या खोलीत पाऊल टाकवत नाही.

आरसेकाका : इकडे ये. केवढे गार पडलेत हात! अहवालात काय लिहिणार आहेस?

डॉक्टरीणबाई : उत्तराची वाट न बघता बटण दाबलं, असं.

आरसेकाका : खोटं नको लिहूस. उत्तर ऐकलं आणि दाबलं, एवढंच लिही. खाली सही मी करतो.

डॉक्टरीणबाई : ते विचारतील, उत्तर कुणाचं होतं.

आरसेकाका : माझंच होतं. कधी दिलं, ते त्यांनी मला विचारावं.

डॉक्टरीणबाई : ...काका, किती हलकं वाटतंय. हे एकच ऐकायला आले होते मी.

आरसेकाका : कुठलं गं?

डॉक्टरीणबाई : आत्ता म्हणालात ना? माझ्यावर तुमचा राग नाही म्हणून.

आरसेकाका : नाहीच आहे, पोरी. तेच सांगायला तोंड उघडत होतो. अजून म्हटलं नव्हतं.