ओंडके कुटणाऱ्या लिओनेलमामाचा सत्कार

आजच्या सभेच्या अध्यक्ष आणि आपल्या वस्तीच्या प्रमुख, आदरणीय सकोम, व्यासपीठावरचे मान्यवर, पुढच्या रांगेतल्या टोपल्या विणणाऱ्या माझ्या सगळ्या मावश्या, आणि मक्याच्या सूपाचं पातेलं कधी उघडतंय याकडे डोळे लावून मागे उभी असलेली सज्जन मंडळी,

आपल्या सिपायिक वस्तीच्या या सभागृहात आजवर टोपल्यांचे सत्कार पुष्कळ झाले. पण टोपलीआधी काय असतं? ओंडका असतो. अ‍ॅशच्या झाडाचा ओंडका कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने तासन्‌तास कुटावा, तेव्हा कुठे एकेका वर्षाचा थर सुटून पट्टी हाती येते. ते कुटणाऱ्याला कधी कुणी हार घातला का? लिओनेल टोमा यांनी चव्वेचाळीस वर्षं हे काम केलं. ते माझे सख्खे मामा, आणि ज्यांच्या टोपल्यांसाठी ते कुटत आले त्या डेल्फीन माझ्या आई. म्हणजे मी पक्षपाती आहे, हे आधीच कबूल करते.

आता, हे दोघं भाऊबहीण तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, हे तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. का, ते मात्र थोड्यांनाच ठाऊक असेल. मामा, मी सांगू ना? मान हलली. होकार समजते.

अ‍ॅश पोखरणारा हिरवा भुंगा आपल्या बाजूला सरकतोय अशी बातमी आली. आजोबांच्या जागेत ओढ्याकाठी एक सरळसोट, उत्तम झाड होतं. आई म्हणाली, "भुंग्याने खायच्या आत पाडू या." मामा म्हणाले, "त्याला बी धरू दे, मग पाडीन." अ‍ॅशला काही दर वर्षी बी येत नाही. आई म्हणाली, "बी यायच्या आत भुंगा येईल. मग ना बी, ना पट्टी. तू हट्टी आहेस." मामा म्हणाले, "मग तूच पाड." झालं. अबोला.

पण काम थांबलं का? छे. दुसऱ्या झाडांच्या पट्ट्यांचा भारा दर शनिवारी आमच्या ओट्यावर येऊन पडायचा. निरोप्या मी.

"तुझ्या मामाला सांग, पट्ट्या जाड आल्यात."

"तुझ्या आईला सांग, तिची नजर जाड झालीये."

मी दोन्ही निरोप जरा पातळ करून पोचवायचे. पण हिवाळ्यात मामा त्या झाडाजवळ जाऊन साल चाचपत, भुंग्याची भोकं शोधत, हे मी पाहिलं होतं. आईचं म्हणणं खरं ठरलं असतं, तर झाड वाया घालवल्याचा दोष त्यांच्या माथी आला असता.

तिसऱ्या वर्षीच्या पानगळीत एका सकाळी मामा स्वतः दारात उभे. आई सुगंधी गवताची वेणी घालत बसली होती. मामा म्हणाले, "ताई, मोठी चादर आहे का?"

आईने मान वर केली नाही. "तीन वर्षांनी तोंड उघडलंस ते चादर मागायला?"

"चार असतील तर चार दे. झाड लगडलंय."

आईने घरातल्या सगळ्या चादरी काढल्या, माझ्या लग्नातली सुद्धा. दोघांनी त्या झाडाखाली अंथरल्या, मामांनी लांब काठीने फांद्या हलवल्या, आणि पंखांच्या बिया भिरभिरत खाली आल्या. आई गुडघ्यांवर बसून वेचत होती आणि मामांना सारखी सांगत होती, "इकडची फांदी राहिली. आंधळा आहेस का?" तीन वर्षांचं बोलणं तिने त्या एका दुपारी उरकलं.

त्याच हिवाळ्यात, आपल्या रीतीप्रमाणे मुळाशी आभाराची तंबाखू ठेवून, मामांनी ते झाड पाडलं. निम्मे ओंडके टिकावेत म्हणून ओढ्यात बुडवले, निम्मे आमच्या अंगणात कुटायला घेतले. शेवटच्या ओंडक्याला ठोक्यांमधलं अंतर वाढायला लागलं. आईला स्वयंपाकघरात ते ऐकू आलं. ती सपाता घालूनच अंगणात गेली. मामा खांदा धरून बसले होते. तिने कुऱ्हाड उचलली आणि उरलेला ओंडका स्वतः कुटला, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

"वाकडं पडतंय," मामा म्हणाले.

"पडू दे."

डॉक्टरांनी आता कुऱ्हाड बंद केली आहे, म्हणून आजचा हा निरोपाचा सत्कार. ओढ्यातल्या ओंडक्यांवर या रांगेतल्या चार मावश्या हात बसवतायत. तूर्तास ठोके चुकतात. शेजाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आणि बिया? वाळूत दोन हिवाळे काढून या मे महिन्यात एकोणीस रोपं वर आली. मी मामांना विचारलं, यांच्या पट्ट्या कधी निघतील? "पन्नास-साठ वर्षं धर," ते म्हणाले. "तेव्हा कुटायला मला बोलवा."

आई रोपांना पाणी घालत होती. वळूनही न बघता म्हणाली, "बोलवू. तोवर खांदा बरा होईल तुझा."

मंडळी, आपण वेळ काढून आलात, मामांच्या पाठीशी उभे राहिलात, याबद्दल टोमा कुटुंबाकडून मनापासून वोलिवोन, आभार. घरातलं भांडण चारचौघांत काढलं, दोघांच्या तोंडी एखादा शब्द जास्तीचा घातला असेल, तर ती चूक माझी समजावी आणि पोटात घालावी. मामांनी नाही घातली, तर आई मध्ये आहेच.