आरसा वाढला आहे

मंडळी, ज्ञानी पुरुषाला या त्रिभुवनात कोणी फसवू शकत नाही! माया त्याच्यापुढे हात जोडते, मोह वाट सोडून बाजूला होतो, आणि प्रत्यक्ष काळसुद्धा उंबऱ्याबाहेर उभा राहून विचारतो, "येऊ का?" असा तो ज्ञानी पुरुष — अहो, पण एवढं उकडायला का लागलं एकदम? पंखा कुणी बंद केला? ... पेटीवाले विसूभाऊ! पंख्याची पिन काढून तिथं तुम्ही फोन लावलात? बरं, बरं, राहू दे. भक्तांना घाम फुटला तरी चालेल, फोन जगला पाहिजे!

तर आजचा प्रश्न असा. माणूस फसतो तो अज्ञानामुळे, की 'मला सगळं कळतं' या ज्ञानामुळे? उत्तर देऊ नका. तुम्ही द्याल, आणि शेजारचा हसेल. गोष्ट ऐका.

फलटणला भालचंद्रराव गुळवणी म्हणून गृहस्थ होते. होते म्हणजे आहेत हो, ठणठणीत आहेत! वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. यांचा दरारा काय वर्णावा? पारड्याच्या बुडाला वाण्यानं चिंच चिकटवलेली असली, तर भालचंद्रराव ती नुसत्या वासावरून ओळखायचे! बाजारात शिरले की तागड्या आपोआप सरळ व्हायच्या. असा माणूस! याला कोण फसवणार?

पण घरात दरारा कुंदाताईंचा. आणि कुंदाताईंच्या घरात, मंडळी, आजवर काहीही फुटलेलं नाही. काही तुटलेलं नाही. काही संपलेलं नाही. सगळं — वाढलेलं आहे! आपण नाही का म्हणत, बांगडी वाढवली, नारळ वाढवला? फुटली, फोडला असं अभद्र तोंडानं बोलू नये, म्हणून. कुंदाताईंनी तो नियम कपबशीपर्यंत आणला. त्यांच्याकडे बरणी वाढते, चष्म्याची काच वाढते, एकदा तर भालचंद्ररावांचा दातही वाढला होता!

आता घरात एक आरशाचं कपाट होतं. सागवानी, भक्कम, पण आरशाला कोपऱ्यात तडा. भालचंद्ररावांनी ठरवलं, हे विकायचं, आणि तेही फोनवरून! जुन्या वस्तूंच्या साइटवर!

मुलगी मुग्धा बंगळूरला. ती म्हणाली, "बाबा, तिथे काय काय चालतं तुम्हाला माहीत नाही. फसलात ना, तर हा फोन काढून घेईन आणि बटणांचा हातात देईन. सांगून ठेवते!"

आता बटणांच्या फोनवर काय दिसतं? काही नाही. आणि रोज संध्याकाळी या पडद्याच्या फोनवर नात दिसायची. ईरा. पुढचा दात हलत होता तिचा. तो हलवून दाखवायची. आजोबा दिवसभर त्या एका दातासाठी जगायचे! म्हणजे मंडळी, पणाला काय लागलं? कपाट? छे! दात!

भालचंद्ररावांनी जाहिरात लिहिली. माणूस प्रामाणिक, दोष लपवायचा नाही. पण 'आरसा फुटला आहे' लिहायला गेले, तर कुंदाताई कडाडल्या, "खबरदार! आरशाबद्दल असं लिहितात?" झालं. जाहिरात निघाली — 'सागवानी कपाट विकणे आहे. आरसा वाढला आहे.'

दुपारी फोन! भालचंद्ररावांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर. कुंदाताई शेजारी मेथी निवडत.

"जय हिंद सर! मी फौजेत आहे. कपाट पसंत आहे."

"बघायला कधी येता?"

"बघायचं काय सर, तुमच्यावर विश्वास आहे!"

"आणि किंमत —"

"तुम्ही म्हणाल ती!"

मंडळी, इथंच घंटा वाजायला हवी होती! अहो, कोथिंबिरीची जुडी घेताना आपण तासभर भांडतो, वर मिरच्या फुकट मागतो. न बघता, घासाघीस न करता कपाट घेणारा माणूस या महाराष्ट्रात जन्मला आहे का?

न पाहताच जे घेई वस्तू, घासाघीस ना करी,
गिऱ्हाईक नव्हे, गळ टाकुनी ते बसले काठावरी!

पण भालचंद्रराव विरघळले. फौजी म्हणाला, "मी सातारचाच आहे सर." लगेच ओळखपत्राचा फोटो पाठवला. कुणी मागितला होता? कुणीच नाही! न मागता पुरावा देणारा वाणी भालचंद्ररावांनी तिथल्या तिथे पकडला असता. पण हा वाणी कुठं होता? हा तर देशाचा जवान!

"सर, टेम्पो आमच्या छावणीच्या गेटवर उभा आहे, जरा घाई करा. तुम्हाला एक चौकोन पाठवलाय ठिपक्याठिपक्यांचा. तो स्कॅन करा, पिन टाका, की पैसे आले तुमच्या खात्यात!"

त्याच सकाळी पेन्शन जमा झालेली. भालचंद्ररावांनी चौकोन स्कॅन केला आणि जाड बोटानं पिन टाकायला लागले. एक आकडा... दुसरा... तिसरा... आणि मंडळी, चोर असला तरी माणूसच ना! त्याला वाटलं, दोन गोड शब्द बोलावेत.

"आणि सर, तुमचा तो आरसा वाढलाय ना, ते आमच्या मिसेसला फारच आवडलं. तिला मोठाच आरसा हवा होता!"

मेथीची काडी कुंदाताईंच्या हातात तशीच राहिली.

"अहो. थांबा. बोट उचला."

"अगं, एकच आकडा राहिलाय!"

"तोच राहू दे!" आणि त्या फोनकडे वळल्या. आवाज कसा? साखरेचा पाक! "भाऊ, सातारचे ना तुम्ही? मग तुम्हाला सांगायला हरकत नाही. काल माझ्या दोन बांगड्याही वाढल्या हो."

"अरे वा, अभिनंदन वहिनी! जास्तीच्या असतील तर त्याही पाठवा, वेगळे पैसे देतो!"

भालचंद्रराव पुटपुटले, "अगं, लहानपणीच गाव सोडलं असेल बिचाऱ्यानं..."

बघा! फसणारा माणूस चोराचा वकील स्वतःच होतो, तोही बिनपगारी!

"बरं भाऊ, एवढी खरेदी करताय, देवापुढे नारळ वाढवलात की नाही?"

"न वाढवून कसं चालेल वहिनी? दहा-बारा झाडं आहेत आमची. पाणी घातलं की आपोआप वाढतात!"

विसूभाऊ, हसू नका, पेटीचा सूर हलतोय!

कुंदाताई नवऱ्याला म्हणाल्या, "पैसे तो देणार ना? मग किल्ली आपल्या पेटीची कशाला लागते त्याला?"

भालचंद्ररावांनी पडद्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. वरती अक्षरं होती — 'रक्कम द्या'. द्या! 'घ्या' नव्हे! आणि इतक्या वर्षांनी, मंडळी, त्यांच्या नाकाला तो जुना वास आला... चिंच! या जवानाच्या पारड्याखाली चिंच!

"काका, पिन टाका लवकर! टेम्पोवाला ओरडतोय!" आवाज आता फौजीचा राहिला नव्हता.

"त्याला सांग," भालचंद्रराव म्हणाले, "कपाट वाढलं!" आणि फोन बंद.

संध्याकाळी मुग्धाचा फोन. "बाबा, गिऱ्हाईक आलं का?"

भालचंद्रराव खोटं बोलणारे नव्हेत, आणि खरं बोलायची छाती नव्हती. कुंदाताईंकडे बघत म्हणाले, "आलं होतं. पण व्यवहार वाढला."

"वाढला? म्हणजे जास्त मिळाले?"

"आईला विचार," म्हणाले. कुंदाताईंनी मुलीला सगळं सांगितलं, तिसऱ्या आकड्यासकट! आता जाणार फोन! बटणं आलीच! पण मुग्धा म्हणाली, "बाबा, फोन राहू दे तुमच्याकडे. पण वापरताना आईला शेजारी बसवायचं."

तेवढ्यात पडद्यावर एवढंसं तोंड आलं. मोठ्ठी खिंड! "आजोबा, बघा! माझा दात वाढला!"

पडला म्हणून वाढला, की नवा उगवला म्हणून वाढला? अहो, दोन्ही! खिंडीत पांढरं टोक दिसत होतं! आजोबांनी फोन डोळ्यांना लावला. दिसत होतं म्हणून नव्हे. दिसेनासं झालं होतं म्हणून.

आता तुमच्याकडे वळतो. हसलात ना भालचंद्ररावांना? चांगलं झालं. या हसणाऱ्यांत तिसऱ्या आकड्यापर्यंत गेलेले किती, ते मी विचारत नाही; विचारलं तर पहिला हात पेटीवरूनच वर येईल. आणि चौथा आकडा टाकून बसला असाल, तर लाजून घरात कोंडून घेऊ नका. लगेच १९३० या सायबर मदतीच्या नंबरला फोन करा, बँकेला कळवा. लाज ही चोरानं बाळगायची वस्तू आहे. ती तुम्ही का विकत घेता? एवढं एकच गाठीला बांधा: पैसे घ्यायला पिन लागत नाही!

वारा घ्यायला मात्र लागते. विसूभाऊ, तेवढी पंख्याची पिन घाला.