सरळ केलेलं अक्षर

वडिलांचं अक्षर गोंदवून घ्यायला त्यांचं जुनं पत्र हातात धरून एक नर्स किनाऱ्यावरच्या टॅटूच्या दुकानात नंबराची वाट बघत होती. तेवढ्यात एक बाई तरातरा आत आली आणि तिने टॅटूवाल्यापुढे मनगट धरलं.

"हे काय करून ठेवलंय?"

"तुमच्या आईची चिठ्ठी. तुम्हीच दिलीत ना, ताई."

"चिठ्ठीत अक्षर वाकडं होतं."

"म्हणून तर सरळ केलं. एवढी मेहनत कोण घेतं?"

"हात थरथरायचा तिचा. शेवटचं लिहिलेलं होतं ते."

"सुई लावायच्या आधी छाप उमटवून दाखवला होता. तुम्हीच मान डोलावलीत."

"रडत होते मी. दिसत काय होतं मला?"

"पण छान दिसतंय हो. लोक विचारतात की नाही?"

"विचारतात. आईचं अक्षर किती सुंदर, म्हणतात. आता तुमचं अक्षर आईचं म्हणून जन्मभर मिरवू का मी?"