कोरड्या चेहऱ्याची बाटली

(खाणीवरचं कामगारांचं न्हाणीघर, भर दुपार. दोन लांब बाकांवर एकेक माणूस, गळ्यापर्यंत चादर ओढलेला. चेहरे काळ्या गाळाने लिंपलेले.)

न्हावी : अगं, मी कुठे घासत होतो? नुसता हात फिरवत होतो.

पार्लरवाली : हातात ब्रश होता, काका. धुणं धुवायचा. ठेवा तो खाली.

न्हावी : हा गाळ म्हणजे दगड झालाय, पोरी. खाली पाणी फुटलं ते कोळशाचा सगळा भुगा घेऊनच अंगावर आलं. तुझ्या त्या कापसाच्या बोळ्यांनी संध्याकाळपर्यंत एक कान निघेल.

पार्लरवाली : निघेल. आधी तेल लावायचं, गाळ भिजू द्यायचा. मग कोमट पाण्यातला फडका पिळून नुसता ठेवायचा आणि उचलायचा. ओढायचा नाही.

न्हावी : आणि ओढला तर? हा काय ओरडणार आहे?

पार्लरवाली : जिवंत माणसाला ओरखडा पडला तर चार दिवसांत भरून येतो. ह्याचा आता कधीच भरून येणार नाही. आपण पाडलेला ओरखडा घेऊनच जाईल तो.

न्हावी : बरं बाई. तू सांगशील तसं. उभा जन्म लोकांच्या गालांवर काढला मी, आणि आज मला गाल शिकवतायत.

पार्लरवाली : तुम्ही गालावरचे केस काढलेत, काका. गाल तुम्ही कधी बघितलाच नाहीत.

न्हावी : हे मात्र लागलं हं.

मुकादम : काका, पहिला झाला का? फाटकाला माणसं लटकलीयत नुसती. मला उत्तर देता देता नाकी नऊ आले.

न्हावी : हा पंपवाला आहे. भुवईवरची जुनी खोक बघ, पंपाच्या दांड्याने पडलेली. ने त्याला. त्याच्या मुली आल्यात ना?

मुकादम : आल्यात. नीट धुतलाय ना पण? साहेबांनी बजावलंय, तोंड स्वच्छ झाल्याशिवाय कोणालाही दाखवायचं नाही. मागच्या अपघातात घाई केली आणि एका घराने दुसऱ्याचाच माणूस रडत रडत नेला. ताई, तुमची आई विचारत होती.

पार्लरवाली : काय सांगितलंत?

मुकादम : तुमचा भाऊ अजून सापडला नाही, हेच सांगितलं. खरं तेच.

पार्लरवाली : तिला उन्हातून उठवा. आणि सांगा, तो आला तर सगळ्यांच्या आधी मला कळेल. त्याच्यासाठीच तर आत आलेय मी.

मुकादम : सांगतो.

न्हावी : चल, आता जरा बस. पाणी पी. सकाळपासून उभी आहेस.

पार्लरवाली : दुसऱ्या बाकावरचा राहिलाय की.

न्हावी : त्याचं मी बघतो. तू बस. तुला माझ्या त्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली होती का? त्याचा चेहरा इतका तेलकट, इतका तेलकट, की माशी बसली तर घसरून थेट मिशीत. वस्तरा लावला की ह्या कानापासून त्या कानापर्यंत एका दमात. मध्ये थांबवायचा तर मला भिंतीला पाय रोवावा लागायचा! एकदा पाय सटकला आणि त्याच वस्तऱ्याने शेजारच्या खुर्चीवरच्याचीही दाढी झाली. त्याने पैसेही दिले बिचाऱ्याने.

पार्लरवाली : काका.

न्हावी : आणि दुसरा एक होता, एकदम कोरडा. तो हसला की दुकानात सगळे दाराकडे बघायचे. वाटायचं, वाळक्या पाचोळ्यावरून कोणीतरी चालत आलं...

पार्लरवाली : काका, बाजूला व्हा.

न्हावी : का?

पार्लरवाली : मघापासून तुम्ही त्या बाकाला पाठ लावून उभे आहात. आणि तुम्हाला काही लपवायचं असलं की तुमची गिऱ्हाइकं वाढतात.

न्हावी : पोरी...

पार्लरवाली : तो आहे?

न्हावी : मला वाटतं.

पार्लरवाली : वाटतं म्हणजे? चेहरा तर दिसतच नाही.

न्हावी : तू पंपवाल्याचं करत होतीस तेव्हा मी ह्याच्या जबड्यावरून बोट फिरवलं. गाळ सरकला आणि खाली कातडी लागली. मऊ. बोट सर्रकन पुढे गेलं. खाणीतल्या माणसाचा गाल असा नसतो, बाई. त्यांचे गाल म्हणजे दोरखंड. अख्ख्या खाणीत असा गाल एकाच पोराचा, ज्याची बहीण पार्लरवाली. तुझी ती तोंडाला लावायची बाटली डब्यात घेऊन खाली जायचा ना तो? सगळे चिडवायचे त्याला, नवरी आली, नवरी आली म्हणून. उंची तीच, अंगकाठी तीच. नंबराचा बिल्ला म्हणशील तर गाळाने ओढून नेलाय.

पार्लरवाली : कधीपासून माहीत आहे तुम्हाला?

न्हावी : पंपवाल्याचा उजवा गाल चालला होता तेव्हापासून.

पार्लरवाली : आणि तुम्ही मला माशीची गोष्ट सांगत होतात.

न्हावी : मग काय सांगू? मला दुसरं काय येतं?

पार्लरवाली : तेल द्या इकडे.

न्हावी : मी करतो. तुझ्या पद्धतीने करतो, शपथ. ब्रशला हात लावणार नाही. तू बाहेर आईजवळ जा.

पार्लरवाली : दर रविवारी तोच माझ्यापुढे बसायचा, काका. पार्लर बंद असलं की यायचा, खुर्चीत पसरायचा आणि म्हणायचा, चला बाई, राजाचं तोंड धुवा. आज दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ? द्या तेल. आणि फडका गरम नको हं, कोमट.

न्हावी : हा घे.

पार्लरवाली : काय रे, किती हा गाळ. कानात बघ, पापण्यांत बघ. सांगत होते ना, खाली तोंडाला रुमाल बांधत जा. ऐकशील तर शपथ. थांब, डोळ्यांचं शेवटी करू. आधी हनुवटी. मग गाल.

न्हावी : निघतंय.

पार्लरवाली : तेल मुरलं की सगळं सुटतं. जोर लावायची गरजच नसते. आई म्हणते, लहानपणी मी तुला... काका, तो दिवा जरा इकडे धरा.

न्हावी : धरला. काय झालं?

पार्लरवाली : अजून जवळ. नाकापाशी.

न्हावी : काय बघतेस?

पार्लरवाली : हा गाल माझ्या भावाचा नाही.

न्हावी : अगं, कसं सांगतेस? अजून अर्धं तोंड गाळात आहे.

पार्लरवाली : त्याचा चेहरा तेलकट आहे, काका. नाकावरची भोकं लांबूनही दिसतात, काळे ठिपके भरलेले. दर रविवारी वाफ देऊन काढते मी, तो शिव्या देतो. ह्याचं नाक बघा. एक ठिपका नाही. उलट कडेला बारीक सालं निघतायत. गालावर भेगा होत्या आणि त्या भरून आल्यात, रेघा दिसतात का? हा कोरडा चेहरा आहे. कोणीतरी रोज सांभाळलेला.

न्हावी : पण बोट तर सर्रकन...

पार्लरवाली : तेलकट गालावरून सरकतं, तसं मऊ गालावरूनही सरकतं. तुमच्या वस्तऱ्याला दोन्ही सारखेच.

न्हावी : म्हणजे मी तुला विनाकारण... अगं, तू हसतेस?

पार्लरवाली : थांबतच नाहीये. मारा मला एक. कोणाचं तरी पोर पुढ्यात झोपलंय आणि मी हसतेय. तो नाही, काका! तो नाही हा!

न्हावी : हळू. भिंतीपलीकडे माणसं आहेत.

पार्लरवाली : हो. हो. झालं. फडका द्या दुसरा. ह्याचं तोंड पुरं करू या.

न्हावी : पण मग असा गाल दुसऱ्या कोणाचा? तुझ्याकडे येणारं अजून कोणी आहे का ह्या खाणीतलं?

पार्लरवाली : कोणी नाही. बाटली एकट्या माझ्या भावाकडे असते. आणि तीही मी देत नव्हते, तो भांडून न्यायचा. मी त्याच्यासाठी तेलकट चेहऱ्याची, फेसाची बाटली काढून ठेवायचे, आणि हा हटून बसायचा, ते नको, मला कोरड्या चेहऱ्याची बाटली दे. म्हटलं, मेल्या, तुझ्या तोंडावर दिवा लागेल इतकं तेल, आणि तुला क्लिन्झिंग मिल्क कशाला? पुरळ उठेल. तर म्हणे, ताई, खालची हवा कोरडी असते, तुला काय कळतंय. पुरळ कधी उठलंच नाही. आणि बाटली बघता बघता संपायची. मी म्हणायचे, पितोस की काय?

न्हावी : मग जायची कुठे?

पार्लरवाली : इथे. ह्या गालावर.

न्हावी : म्हणजे...

पार्लरवाली : डोळे पुसते. दिवा धरा. भुवया बघा आता, मध्ये जुळलेल्या.

न्हावी : अरे देवा. हा त्याचा खाणीतला जोडीदार. माझ्याकडे कधी बसला नाही गं हा, घरीच बापाच्या हातून दाढी करून यायचा. म्हणून माझ्या हाताला कळला नाही.

पार्लरवाली : ह्याच्या गालांना भेगा पडून रक्त यायचं, हे भाऊ एकदा जेवताना बोलला होता. मी म्हटलं, पाठव त्याला पार्लरात. तर म्हणे, तो लाजतो. पुढे मी विसरले. तो नाही विसरला. चिडवून घेतलं सगळ्यांकडून, पण बाटली दुसऱ्यासाठी आहे हे बोलला नाही.

न्हावी : बाहेर बाप आलाय ह्याचा. फाटकाजवळच्या ओट्यावर बसलाय. कानाने पार गेलाय बिचारा, ओरडून सांगावं लागेल.

पार्लरवाली : ओरडू नका. हाताला धरून आत आणा. तोंड बघितलं की कळेल त्याला. काका...

न्हावी : हं.

पार्लरवाली : जोडीदार म्हणजे खाली नेमके कसे असतात? किती लांब?

न्हावी : ते कामावर असतं. कधी इकडे, कधी तिकडे.

पार्लरवाली : काका.

न्हावी : एक तोडतो, दुसरा भरतो. हात लांब केला की लागेल इतपत.

पार्लरवाली : हं.

न्हावी : पण पाण्याचं काही सांगता येत नाही, पोरी! एकाला इकडे नेतं, दुसऱ्याला तिकडे. माझ्या बापाच्या वेळी एक जण असाच अडकला, वर एक कोनाडा सापडला त्याला, हवेचा. बसला तिथे. उंदीरही बसलेले. वेळ जाईना म्हणून उंदरांशी पत्ते कुटले त्याने. सगळे डाव हरला, टोपी हरला, पट्टा हरला, आणि आठवड्याने वर आला तो उघडा!

पार्लरवाली : हे खरं आहे?

न्हावी : अर्धं.

पार्लरवाली : कोणतं अर्धं?

न्हावी : अडकला ते.

पार्लरवाली : ह्याचे केस सारखे करते. बापाला नीट दिसू दे.

मुकादम : काका... ताई, तुम्ही जरा बाहेर येता का?

पार्लरवाली : इथेच बोला.

मुकादम : अजून एक वर आणतायत. ह्याला जिथून काढला ना, तिथेच, लागूनच होता. ह्याचा हात त्याच्या पट्ट्यात अडकलेला होता, तो सोडवून ह्याला आधी काढला, म्हणून त्याला वेळ लागला. चेहरा काही ओळखू येत नाही.

न्हावी : थांबव रे जरा बाहेर. पोरी, तू जा. ह्या वेळी ऐक माझं.

पार्लरवाली : आणू द्या आत. पहिल्या बाकावर ठेवा. काका, पाणी बदला.

न्हावी : बदलतो. तेलाची वाटी भरू?

पार्लरवाली : तेल आता नको. साबणाचा हलका फेस करा. तेलकट चेहऱ्याला तोच बरा.