गाडी कुणाच्या हातात

मुलगी : आज इथल्या सर्व्हिस सेंटरच्या सुपरवायझरशी तुम्ही बोलू नका, बाबा. मी बोलते.

बाबा : बरं.

मुलगी : बरं म्हणता आणि मग सुरू होता. ‘माझी गाडी बघा, तुमच्याच कंपनीची, हिच्या जन्माआधीची, एकदाही रस्त्यात बंद पडली नाही.’ मागच्या वेळी हेच केलंत. त्यानं मान डोलावली आणि माझी बाइक होती तशी परत आली.

बाबा : खोटं सांगितलं का मी?

मुलगी : तुमच्या गाडीचं खरं असेल हो. माझी चालता चालता बंद पडते. परवा चौकात मागे ट्रक होता, पाठीला धग लागली त्याची. घरी येऊन सांगितलं, तर तुम्ही काय म्हणालात? क्लच अर्धवट दाबत असशील.

बाबा : म्हणालो.

मुलगी : कंपनीवर विश्वास, लेकीवर नाही. मी ही गाडी विकणार आणि दुसऱ्या कंपनीची घेणार.

बाबा : घे.

मुलगी : तुम्हाला बरं नाही का? दादाच्या सासऱ्यांची गाडी दुसऱ्या कंपनीची निघाली, तर ऐन साखरपुड्यात तोंड वाकडं केलं होतंत.

बाबा : ते जाऊ दे. आला बघ तो.

(सुपरवायझर काचेचं दार ढकलून आत येतो.)

सुपरवायझर : बसा काका, बसा. चहा सांगू? मॅडम, गाडी चेक झाली. कॉम्प्युटरवर फॉल्ट काही दाखवत नाही. टेस्ट राइड घेतली, एकदम मस्त चालते. थोडं रायडिंगचंही असतं. काकांना विचारा.

मुलगी : त्यांना कशाला? चालवते मी.

बाबा : विचारा मला. काल ही बसनं कामावर गेली. मी हिची किल्ली घेतली.

मुलगी : मला न सांगता?

बाबा : म्हटलं, गावभर फिरवून आणतो आणि संध्याकाळी तुला ऐकवतो. पुलाच्या चढावर बंद पडली.

सुपरवायझर : पेट्रोल बघितलं होतं ना, काका?

बाबा : टाकी भरलेली होती. मलाही आधी वाटलं, आपलंच चुकलं. तिथंच क्लच दाबून बघितला, सोडून बघितला. सगळा जन्म गाडी चालवली, पण कंपनीचं चुकलं असेल हे मनातच येईना. तेवढ्यात मागून टेम्पो आला. त्यानं कसाबसा वळवला.

मुलगी : काल काही बोलला नाहीत.

बाबा : जीभच रेटेना. गार झाल्यावर सुरू झाली, मुकाट्यानं घरी आणून लावली.

सुपरवायझर : काका, तुमच्या शब्दावर इथून किती गाड्या गेल्या. तुम्हीच असं म्हणायला लागलात, तर लोकांनी काय म्हणायचं?

बाबा : इथले पूर्वीचे मालक स्वतः बाहेर यायचे. गाडी सुरू करून कान लावून ऐकायचे. तुमचीच चूक म्हणून त्यांनी मला कधी परत धाडलं नाही. मी इमान राखलं ते त्या वागण्याशी. तुम्ही त्याच्या जोरावर माझ्या पोरीला खोटं पाडता, आणि मी शेजारी बसून हो हो म्हणतो.

सुपरवायझर : जरा दार लावतो. तुमच्यापासून काय लपवायचं, काका. तापली की बंद पडते, अशा आणखी गाड्या आल्यात. वरून सांगतात, आधी रायडिंगचं कारण द्या. मलाही रोज तेच बोलायची लाज वाटते. सॉरी मॅडम. गाडी राहू द्या इथंच. चांगली तापेपर्यंत मी स्वतः चालवतो आणि बंद पडली की वर कळवतो. तक्रार काकांच्या नावानं घालू? जुनं गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर लगेच हलतील.

मुलगी : घाला. काम होण्याशी मतलब.

बाबा : नको. हिची गाडी, हिची तक्रार. हिच्याच नावानं घाला.

सुपरवायझर : मग ते पहिला प्रश्न हाच विचारतील, की मॅडमना गाडी नीट येते का.

बाबा : सांगा त्यांना, बापापेक्षा चांगली येते.