कोंडलेली ओल

नगरपालिकेच्या खिडकीसमोर घरं पाडायच्या परवानगीची रांग होती. रांगेतल्या एका सुताराच्या पुढे एक बाई अर्ज घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्याशेजारी म्हातारा गवंडी.

"मिस्त्री, उगाच अडवू नका. भिंती पाझरतात. आईचा दमा बघवत नाही."

"ताई, दगड पाझरत नव्हता. दगडांमधल्या दरजा चुन्याने भरायच्या, असं तुमच्या वडिलांनी बजावलं होतं. मी सिमेंट भरलं."

"का?"

"लवकर उरकायचं होतं. सिमेंटमुळे भिंतीतली ओल आतच कोंडली."

"वीस वर्षं आम्ही दगडालाच नावं ठेवतोय!"

"चूक पदरात घ्या. मी सगळं खरवडून काढतो, पुन्हा चुना भरतो."

"या वयात?"

"हात चालतायत तोवर."

खिडकीतून आवाज आला, "पुढचे कोण?"

बाईंनी अर्जाची घडी घातली. मागे वळून त्या सुताराला म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे."