विमान खालून न्यायचं

...नाही पण मला सांगा, स्वतःच्या घरात, स्वतः घेतलेल्या कॉम्प्युटरपुढून मी नुसता पाणी प्यायला उठलो, तर मला काय ऐकायला मिळावं? "चालत्या गाडीत उठू नकोस. बस खाली." कोण म्हणतंय? आमचे दाजी. ताईचे यजमान. माझ्या खुर्चीत बसून, माझ्या टीव्हीकडे बघत, माझी बटणं दाबत मलाच म्हणतायत, बस खाली. आणि गाडी कसली? तुम्हाला सांगतो, गाडी नव्हतीच ती. विमान होतं. विमान होतं हो ते.

आता तुम्ही खिशातून फोन काढता आणि बोटाने सगळं करता, तुम्हाला काय कळणार. तेव्हाचा घरचा कॉम्प्युटर म्हणजे नुसता कीबोर्ड, चपटा डबा. मागून त्याला टीव्ही जोडायचा, बाजूने टेपरेकॉर्डर जोडायचा, आणि गेम यायचा कॅसेटवर. गाण्यांची असते तशीच कॅसेट, पण लावली की किंचाळायची. दहा मिनिटं किंचाळणार, आणि त्या दहा मिनिटांत कोणी मिक्सर लावला, दार आपटलं, डब्याला कोपर लागलं, की गेलं सगळं... रिवाइंड करा, पुन्हा पहिल्यापासून. माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे वायरींची मला सवय, पण आमची ही तेवढी दहा मिनिटं स्वयंपाकघरात भांडी कापसासारखी उचलायची आणि मनातल्या मनात मला काय काय म्हणायची ते तिच्या तोंडावर दिसायचं.

पण काय गुंतायला व्हायचं त्या गेममध्ये! एकात तर चित्रच नाही, नुसती अक्षरं. 'तुम्ही गुहेत आहात. अंधार आहे.' बस, एवढंच. आपण टाइप करायचं, उत्तरेला जा. आणि मी जायचो हो, खरंच जायचो. एकदा ही चहा घेऊन आली तर मी ओरडलोच, म्हटलं गुहेत ही कुठून आली. दुसऱ्या एकात पांढऱ्या रेघांचं यान, एका ग्रहावर माल भरायचा, दुसऱ्यावर विकायचा. दुकानात गिऱ्हाईक विचारतंय, माझा टीव्ही कधी मिळेल, आणि मी म्हणतोय, पुढच्या ग्रहावर. असं सगळं मजेत चाललेलं असताना मला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, आणि मी ती विमानाची कॅसेट आणली.

म्हणजे कॅसेटने माझं काही वाईट केलं नव्हतं. वाईट केलं ताईने. ती आली दुपारची, चप्पल सुद्धा न काढता दारात उभी. "तुझ्याकडे तो चालवायचा गेम आहे ना?" म्हटलं, आहे. "ह्यांना बसव त्याच्यापुढे. हात तरी हलू देत त्यांचे." आणि रडायला लागली.

झालं होतं असं, की दाजी एकोणीस वर्षं बस चालवत होते. लांब पल्ल्याची गाडी. चार महिन्यांपूर्वी घाटात वळणावर समोरून ट्रक चुकीच्या बाजूने आला, दाजींनी गाडी कडेला घातली, दोन चाकं रस्त्याबाहेर, गाडी झाडाला टेकून उभी. बेचाळीस माणसं होती आत, बेचाळीसच्या बेचाळीस चालत खाली उतरली. चौकशी झाली, दाजींची काडीची चूक नाही, उलट शाबासकी मिळाली. सगळं छान. फक्त त्या दिवसापासून दाजी गाडीत चढायचे, किल्ली लावायचे, आणि खाली उतरायचे. हात थरथरायचे. साहेबांनी चार महिने सांभाळून घेतलं, मग सांगितलं, पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी गाडी काढा, नाहीतर कायमचं टायरच्या गोदामात बसा, आलेले टायर मोजा, गेलेले टायर मोजा. ताई म्हणाली, "ह्यांना तिथं बसवलं ना, तर हे संपतील रे." म्हटलं, पाठव.

आले दाजी. कधीही कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, असा माणूस. मी मोठ्या उत्साहात. म्हटलं दाजी, बसा, हे बघा, हे बटण दाबलं की वेग, हे दाबलं की नाक वर, आणि निघालो आपण ढगात. दाजी खुर्चीत बसले नाहीत. टीव्हीच्या मागे जाऊन आले. म्हटलं काय बघताय? "चाकं." मग बसले, आणि प्रश्न सुरू. हॉर्न कुठला? नाही दाजी, हॉर्न नाही. आरसा? आरसा पण नाही. "मागचं दिसत नाही आणि चालवायचं?" विमान आहे हो दाजी, मागून कोण येणार? त्यावर माझ्याकडे असं बघितलं, की मलाच वाटलं, खरंच की, मागून कोणी आलं तर?

आणि मग निघाले. धावपट्टीवरून निघाले, हळूहळू, अगदी बेताने, आणि धावपट्टी संपली तरी चाललेच. बाहेर गवतावर आले. म्हणजे गवत कसलं, खाली सगळं हिरवं, वर सगळं निळं, मध्ये एक रेघ. त्या हिरव्यावरून विमान चाललंय ताशी चाळीसने, सरळ. मी म्हटलं दाजी, उचला. "काय?" विमान उचला, वर न्या. दाजी म्हणाले, "वर कशाला? वर कोण उभं असतं रे? वरून कुणाला घ्यायचंय?"

ह्याला काय उत्तर आहे? तुम्ही सांगा मला. मी तेव्हापासून शोधतोय.

पुढचं शहर होतं तीनशे साठ किलोमीटरवर. ताशी चाळीस म्हणजे नऊ तास. पण दाजी नुसते नऊ तास जाणार नाहीत, वाटेत थांबे. हिरव्यात कुठेही काही नाही, एक ठिपका नाही, तिथे हे ब्रेक दाबणार, दोन मिनिटं थांबणार, मान वळवून मागे बघणार आणि निघणार. सकाळी सहाला यायचे, अंघोळ करून, डबा घेऊन. सहा म्हणजे सहा. माझा टीव्ही गेला, माझी खुर्ची गेली, गुहेतल्या अंधारात माझी मशाल अर्ध्यावर राहिली, यानात भरलेला माल तसाच पडून. आणि मला एका जागी बसवत नाही हो, जन्मापासून नाही, पाय सारखा हलतो माझा. तर ते पण नाही. "पाय हलवू नकोस, गाडीला हादरे बसतात." गाडीला! विमान होतं हो ते.

आणि ही? माझी सख्खी बायको? पहिले दोन दिवस माझ्या बाजूने होती, कबूल करतो. तिसऱ्या दिवशी बघतो तर मटार घेऊन दाजींच्या मागे बसलीय, सोलतीय. आणि म्हणते कशी, "दाजी, पुढच्या थांब्यावर पाच मिनिटं थांबाल का? गॅसवर दूध आहे." आणि दाजी थांबले! ब्रेक लावून थांबले. "पाच मिनिटं. सहावं नाही." ही पळत गेली, गॅस बंद केला, पळत आली, जागेवर बसली, आणि मला म्हणते, जरा सरका ना. मी म्हटलं अगं, आपण घरात आहोत. ती म्हणाली, हो, पण सरका.

असे तीन आठवडे गेले. आणि तीन आठवड्यांत हा माणूस त्या दुसऱ्या शहराला एकदाही पोचला नाही. रोज काय व्हायचं, सात-आठ तास गेले की समोर हिरवा त्रिकोण यायचा. डोंगर. तीन रेघांचा, त्याला ना झाड ना दगड. तो लांबून दिसला, की दाजी घड्याळ बघायचे, "आजची ड्युटी संपली," म्हणायचे आणि सरळ वायर काढायचे. मला वाटायचं, बरं झालं, सुटलो. पहिल्यापासून लक्षातच आलं नाही माझ्या. मी आपला पाय हलवण्यात दंग.

शेवटचा रविवार आला. सोमवारी डेपोत जायचं. त्या दिवशी ताई पण आली, मांडीवर पर्स घेऊन बसली, प्रवासाला निघाल्यासारखी. सहाला निघालो. म्हणजे, निघाले. काय ते, निघालो. दीड वाजता त्रिकोण आला. दाजींनी घड्याळ बघितलं. मग ताईकडे बघितलं. ताई खाली बघत होती. दाजींनी वायर काढली नाही. गाडी थांबवली.

आणि थांबवली ती थांबवली. दहा मिनिटं. वीस मिनिटं. त्रिकोण समोर, इंजिन घुरघुरतंय. हिच्या हातात मटार तसाच. माझा पाय, माझं डोकं, सगळं फुटायची वेळ आली, आणि अर्ध्या तासाने मी सुटलो एकदाचा. म्हटलं दाजी, विमान आहे हो हे! पंख आहेत ह्याला! एक बटण दाबा आणि जा ना वरून, तीन रेघा आहेत नुसत्या, घाबरायचं काय त्यात...

दाजी वळले नाहीत. म्हणाले, "त्या दिवशी मी आरशात बघितलं. ओरडत नव्हतं रे कुणी. बेचाळीस जण नुसते माझ्याकडे बघत होते."

आता कळलं ना, पहिल्या दिवशी आरसा का मागितला ते? मला तेव्हा कळलं. आणि मला इतकी लाज वाटली, इतकी, की मी त्यांच्याकडे बघू शकेना. तोंडाला आलेलं सगळं गिळलं. काहीतरी करायला तर हवं होतं, कारण नुसतं बसणं मला जमत नाही, सांगितलंच मी. म्हणून स्वयंपाकघरात गेलो, स्टीलचा पेला घेतला, चमचा घेतला, दाजींच्या मागे येऊन उभा राहिलो, आणि मारले दोन टोले. टण टण. तुम्ही बसने गेला असाल तर माहीत असेल, कंडक्टरची एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला.

हात आपोआप गेला त्यांचा. एकोणीस वर्षांची सवय, दोन बेल झाल्यावर ड्रायव्हर विचार करत नाही. बटण दाबलं गेलं, गाडी हलली. दाजी स्वतःच दचकले, पण हलली होती. ताशी पंधराने गेले. त्रिकोणाच्या अगदी कडेकडेने, आणि त्या रेघा जवळ आल्या की तुटायच्या, उड्या मारायच्या, सगळा डोंगरच अंगावर आल्यासारखा व्हायचा. मी मागे पेला धरून उभा, आणि चालत्या गाडीत उभा आहे म्हणून कोणी रागावलं नाही. ताईने हिचा हात धरलेला. पाऊण तास लागला. मग डोंगर डावीकडे सरकला, मग आणखी सरकला, मग समोर फक्त हिरवं आणि निळं.

सव्वापाचला पोचलो. दाजी त्या धावपट्टीवर बाजूच्या गवतातून शिरले, मधोमध आणून गाडी लावली, आणि म्हणाले, "उतरून घ्या." आणि तुम्हाला सांगतो, आम्ही तिघंही उठलो. ताईने पर्स घेतली, हिने मटारचं ताट घेतलं, आणि माझ्याच घरात मी माझ्याच दारापर्यंत चालत जाऊन मग थांबलो, म्हटलं, कुठे चाललोय मी?

सोमवारी दुकानात माझ्याकडून एक काम धड झालं नाही. एका टीव्हीचा स्क्रू दुसऱ्याला लावला. दर दहा मिनिटांनी दारात जाऊन रस्त्याकडे बघत होतो, गिऱ्हाईक म्हणालं, कोणी यायचंय का? म्हटलं नाही, कोणी जायचंय. संध्याकाळी घरी येतो तर दाजी गणवेशात, माझ्या दारात उभे. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "काढली. घाटात जरा हात हलले. पण वर चढवली, खाली उतरवली, सगळ्यांना पोचवलं." आणि हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदा हसले. मला इतका आनंद झाला, काय सांगू, मी त्यांना मिठीच मारणार होतो. आणि मनात म्हटलं, चला, टीव्ही सुटला आपला. खुर्ची सुटली. गुहा, यान, सगळं परत आपलं.

दाजी आत आले. चप्पल काढली. सरळ जाऊन खुर्चीत बसले आणि कॅसेट लावली.

म्हटलं दाजी, आता कशाला? आता तर खरी गाडी मिळाली. "अरे, पण ही तिकडे उभी आहे ना, कालपासून." म्हटलं उभी कुठली, तुम्ही काल वायर काढलीत, पुसलं गेलं ते सगळं, काही नाही तिथं. दाजी माझ्याकडे बघत राहिले, अगदी काळजीने, मला काही झालंय की काय अशा. म्हणाले, "पुसलं कसं? आपण सगळे उतरलो ना तिथं? मग गेलेली गाडी परत नको आणायला? तिकडची माणसं थांब्यावर उभी असतील, त्यांनी काय करायचं?"

मी तोंड उघडलं. ताशी चाळीस, नऊ तास, वाटेतले थांबे, तो त्रिकोण आता उजवीकडून, आणि हे सगळं दर सुट्टीला, हे निवृत्त होईपर्यंत... सगळं डोळ्यांपुढे आलं. स्वयंपाकघरातून ही मटारचं ताट घेऊन बाहेर येतच होती. मी तोंड मिटलं, आणि विचारलं, "किती वाजता सुटते?"